मुक्कामाचे दिवस अधिक नऊ

"किती दिवस राहणार आहात?" औषधवाल्या बाईंनी विचारलं, आणि तिच्या तोंडून "अठ्ठावीस" असं निघून गेलं.

काही शब्द माणूस बोलतो, आणि काही शब्द दार नीट लावलं नाही की मांजर जसं पायांमधून निघून जातं तसे निघून जातात. हा दुसऱ्या जातीचा होता. ती स्वतःच दचकली. रांगेतल्या दुसऱ्या कुणी तर उत्तर दिलं नाही ना, म्हणून तिने मागे वळूनही बघितलं. मागे फक्त एक आजोबा होते, खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली छातीशी धरून, आणि त्यांचं सगळं लक्ष कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर उभ्या असलेल्या एका जाड माणसाकडे होतं. म्हणजे अठ्ठावीस तीच म्हणाली होती. चिठ्ठी देतानाच बाईंनी देश कुठला, कुणाकडे जाताय, पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ उठलं होतं का, हे सगळं विचारून घेतलं होतं आणि त्या सगळ्याची उत्तरं तिने विचार करून, शहाण्या मुलीसारखी दिली होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर हिवतापाच्या गोळीचं नाव लिहिलं होतं, रोज एक असं लिहिलं होतं, आणि संख्येच्या जागी फक्त 'मुक्कामानुसार'. ती चिठ्ठी पाच दिवस पर्समध्ये होती. ती तिने चारदा तरी वाचली असेल. पण 'मुक्कामानुसार' हा शब्द म्हणजे एक प्रश्न आहे आणि तो कुणीतरी मोठ्याने विचारणार आहे, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"अठ्ठावीस," बाईंनी कागदाच्या कपट्यावर लिहिलं. "अधिक निघायच्या आधीचे दोन. अधिक परत आल्यावर सात. सदतीस." त्यांनी मागच्या खणातून पाकिटं काढली आणि पत्ते मांडावेत तशी काचेवर मांडली. "पाकीट बाराचं येतं. तीन पाकिटं म्हणजे छत्तीस. बघा आता, एका गोळीपायी चौथं पाकीट घ्यावं लागतंय तुम्हाला." मग चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघत म्हणाल्या, "एक दिवस आधी या की परत. नवऱ्याकडेच जाताय ना? जे काय भांडायचं ते सत्तावीस दिवसांत भांडून होतं माणसाचं."

मागचे आजोबा खोकल्यातून हसले. तीही हसली आणि हसता हसता म्हणाली, "नाही, अठ्ठावीसच. सत्तावीसला चालणार नाही."

हे तर आणखीनच नवल. पहिल्या वेळी जीभ घसरली म्हणता आलं असतं, पण एकाच जागी दुसऱ्यांदा कोण घसरतं? बाईंनी खांदे उडवले आणि चौथं पाकीट बाकीच्या तिन्हींवर ठेवलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली, की गोळी रोज एकाच वेळेला घ्यायची, उपाशीपोटी घ्यायची नाही, पोटात काहीतरी स्निग्ध हवं, निदान दूध तरी, नाहीतर अंगी लागत नाही आणि मळमळतं ते वेगळंच. ती मान हलवत होती. मध्येच, शिकलेल्या विषयाची खोड म्हणून, तिने विचारलं, "परत आल्यावर सात कशाला? तिकडचा डास काही माझ्याबरोबर येणार नाही."

बाईंना हा प्रश्न आवडलेला दिसला. त्यांनी पाकिटं तशीच ठेवून दोन्ही हात काचेवर टेकले. "डास येत नसतो, पण त्याने दिलेलं तुम्ही घेऊन येता. चावला की ते जंतू थेट रक्तात मिरवत नाहीत. आधी यकृतात जाऊन बसतात, आठवडाभर. ना ताप, ना अंगदुखी. तुम्ही घरी येता, बॅगा रिकाम्या करता, कपडे धुता, झालं बुवा सगळं सुखरूप म्हणता, आणि मग ते बाहेर पडतात. म्हणून प्रवास संपला तरी गोळी संपवायची नाही. लोक इथेच चुकतात. विमानातून उतरले की गोळ्या कचऱ्यात." त्यांनी पाकिटांना रबर लावलं. "शेवटच्या सात घरच्या. लक्षात ठेवा."

ती बाहेर आली तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते आणि शनिवार असल्यामुळे रस्त्यावर अर्धी दुकानं बंद होत होती. पलीकडच्या बागेच्या कठड्याशी एक बाक होता, त्याच्या एका टोकावर ऊन होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं. ती बरोबर मधल्या रेषेवर बसली. घाई नव्हती. खरं म्हणजे पाय जरा हलके झाले होते, तापातून उठल्यावर होतात तसे, आणि त्या हलकेपणाची तिला शंका येत होती. अठ्ठावीस हा आकडा आला कुठून? घरात गेले चौदा महिने जो विषय चालू होता त्यात आकडा नव्हताच. त्यात क्रियापदं होती. जायचंय. जाणार आहे. एकदा गेलीस की मग. नवरा पुलांचे पाये बांधणारा इंजिनिअर. एका उष्ण देशातल्या रुंद, मातकट नदीवर तीन वर्षांचं काम मिळालं म्हणून तो आधी गेला. त्याने जाऊन बस्तान बसवायचं, मग तिने जायचं, असं ठरलं होतं. ते दोघांनी मिळून, खुशीने, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ठरवलं होतं, आणि त्यानंतर ते ठरलेलंच राहिलं. तिकीट जायचं काढलं होतं, यायचं काढलं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या तिच्या खणात टिपकागदांच्या गठ्ठ्याखाली राजीनामा टाइप करून ठेवलेला होता. त्यावर फक्त तारीख घालायची होती, सोमवारी. त्याने तिकडे दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, आणि तिला लिहा-वाचायला म्हणून खिडकीशी ठेवायला एक टेबल सुताराकडून करून घेतलं होतं. त्या टेबलाचा फोटो तिच्या फोनमध्ये होता. फोटोत टेबलावर काहीच नव्हतं, नुसतं टेबल.

मग बाकावर बसल्या बसल्या तिला तो आकडा सापडला, आणि ती एकटीच फिस्सकन हसली. काखेत कळसा, म्हणतात तसं. ती बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. बी पाठवणारे पाठवतात, यांनी ओल्या कागदावर शंभर-शंभर बिया ओळीने मांडायच्या, ठरलेल्या उजेडात आणि ठरलेल्या उबेत ठेवायच्या, ठरलेल्या दिवशी किती उगवल्या ते मोजायचं आणि लिहून द्यायचं. धान्याच्या, भाजीपाल्याच्या बिया आठवडा-दहा दिवसांत आटपतात. पण जंगली झाडांच्या, कुरणातल्या गवतांच्या काही बिया फार सावकाश. त्यांची मोजणी अठ्ठाविसाव्या दिवशी. आठ वर्षांपूर्वी ती नोकरीला लागली तेव्हा हे सावकाश टेबल कुणालाच नको होतं, म्हणून नव्या मुलीच्या गळ्यात पडलं, आणि मग तिनेच ते सोडलं नाही. आता रोज दोन-तीन तरी फोन येतात. पलीकडचा माणूस विचारतो, मॅडम, किती दिवस लागतील? ती चिमट्यातली बी खाली न ठेवता, फोन खांदा आणि कान यांच्यात धरून सांगते, अठ्ठावीस. तो म्हणतो, जरा आधी नाही का जमणार? ती म्हणते, नाही, अठ्ठावीसच, सत्तावीसला चालणार नाही. आठ वर्षं. म्हणजे औषधवाल्या बाईंना तिने उत्तर दिलंच नव्हतं. ते तिच्या टेबलाने दिलं होतं. शिपायाने सवयीने दाराला बाहेरून कडी घालावी आणि साहेब आतच राहावेत, तशातली गत.

उलगडा झाला तर खरा, आणि तेवढ्याने प्रकरण मिटायलाही हरकत नव्हती. उठावं, रस्ता ओलांडावा, बाईंना सांगावं की चूक झाली, मुक्काम दोन वर्षांचा आहे, तर मग काय करायचं? त्या काहीतरी सांगतीलच. दुकान एक वाजता बंद होणार होतं. बाईंनी शटर अर्धं खाली ओढलेलं तिला इथून दिसत होतं. पण ती उठली नाही. कारण आकडा सवयीचा असेल, तो निघाल्यावर अंगातून जे काही सैल होऊन खाली गेलं, मानेपासून पाठीतून पार पोटऱ्यांपर्यंत, ते सवयीचं नव्हतं. ते तिने बघितलं होतं. आठ वर्षं जी बाई बीला मोड आला की नुसती फुगलीये हे भिंगाखाली ठरवते, तिला स्वतःच्या अंगात झालेलं एवढं मोठं काही दिसलं नाही असं म्हणता येत नाही.

ती सुखात होती. हे तिला पहिल्यांदा कळलं ते एका मंगळवारी, सात-आठ महिन्यांपूर्वी, गॅलरीत मोजे वाळत घालताना. नवरा गेल्यावरचे पहिले दोन महिने वाईट गेले होते. जेवताना घास फिरायचा. त्याचा एक सदरा तिने धुवायला टाकलाच नव्हता. मग एकेक करून गोष्टी पूर्वपदावर आल्या, म्हणजे तिला तसं वाटलं. पण त्या मंगळवारी दोरीवर मोजे लावताना ती काहीतरी गुणगुणत होती आणि आतून सासूबाईंनी पुढची ओळ म्हटली, चुकीच्या सुरात, आणि तिला एकदम लख्ख दिसलं की हे पूर्वपद नाहीच. ही निराळीच जागा आहे. इथे ती पूर्वी कधी आलेली नव्हती. सकाळी उठायची घाई नाही आणि आळसही नाही. प्रयोगशाळेतून येताना नदीकाठच्या वाटेने एक फेरा जास्तीचा. रविवारी दोघी बायका मिळून घरातली एखादी बिघडलेली वस्तू उघडून बसतात, तिचे स्क्रू बशीत ठेवतात आणि निम्म्या वेळा ती वस्तू पुन्हा चालू होते. सासूबाई टेलिफोन खात्यातल्या. एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून त्यांनी लोकांच्या लाइनी जोडून दिल्या होत्या. डावा कान त्यात कामातून गेला होता, पण उजव्याने भिंतीपलीकडचं ऐकू यायचं. माणूस फोन ठेवायच्या आधी कसा श्वास घेतो ते त्यांना कळायचं. "हा आता ठेवणार," असं त्या शेजारच्या घरातल्या फोनबद्दलही सांगायच्या, आणि तो ठेवायचा. असं सगळं. त्या मंगळवारी मोज्यांची जोडी हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली होती, आणि तिला वाटलं होतं ते असं, की आपण कुणाच्या तरी ताटातलं उचलून खातोय. कारण नवरा आवडेनासा झालेला नव्हता. तो नावडता झाला असता तर गोष्ट फार सोपी होती. तशा गोष्टीला नावं आहेत, सल्ले देणारी माणसं आहेत. रोज साडेपाचला त्याचा फोन आला की ती अजून हातातलं तसंच टाकून धावत होती, अकरा वर्षांच्या संसारानंतर. त्याची आठवण येत होती, आणि ती सुखात होती. ही दोन विधानं एकाच पानावर लिहिता येत नाहीत असं तिला तेव्हा वाटलं, म्हणून तिने दुसरं लिहिलंच नाही. भिजत घोंगडं ठेवलं. राजीनामा टाइप केला. औषधवाल्या बाईंचं शटर खडखडत पूर्ण खाली आलं. ती उठली, पाकिटं पर्समध्ये आहेत ना ते चाचपलं, आणि घराकडे निघाली, नदीकाठच्या वाटेने.

सासूबाई खिडकीशी बसून घड्याळाचा सेल बदलत होत्या. "आणलंस हिवतापाचं?" त्यांनी विचारलं. "बघू." तिने पाकिटं त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी रबर काढलं, एकेक पाकीट फिरवून बघितलं, वाचलं, पुन्हा रबर लावलं. मग पुन्हा काढलं.

"रोज एक ना?"

"हो."

"चार डझन."

"सदतीस लागतात. एका गोळीपायी चौथं पाकीट."

घड्याळात सेल घालून सासूबाईंनी ते कानाशी नेलं, उजव्या. "चालतंय," त्या म्हणाल्या, आणि हे घड्याळाबद्दल होतं की कशाबद्दल, हे कळायला मार्ग नव्हता. ती कानकोंडी होऊन उभी राहिली. ठरलेलं असं होतं की ती गेल्यावर सासूबाईंनी मुलीकडे राहायला जायचं; नणंदेने खोली रिकामी करून ठेवली होती. सासूबाई कुणी विचारलं तर सांगायच्या, माझं काय, मी काय कुंडी आहे, उचलून इकडची तिकडे ठेवली की झालं. सुनेने जायला हवं असा त्यांचाच सगळ्यात जास्त आग्रह होता. "नवरा-बायकोने एका छताखाली राहावं," त्या म्हणायच्या. "लाइन कितीही साफ असली तरी ती लाइन. मी एकतीस वर्षं जोडून दिल्यात, मला नको सांगूस."

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं ते मी सांगितलंय."

"ते नाही. आत्ता."

सासूबाई घड्याळाकडेच बघत म्हणाल्या, "अगं, मला आत्ता जे वाटतंय ते मी मोठ्याने बोलले तर ते माझ्या सोयीचं होईल. मग तू ते ऐकशील, आणि उद्या माझा मुलगा म्हणेल आईने ठेवून घेतली. मला नाही बोलायचं. तुझा आकडा आहे, तू सांभाळ." आणि मग थोडं थांबून, "किती म्हणालीस तू दुकानात?"

"अठ्ठावीस."

"हं. आमच्याकडे एवढ्या दिवसांत नवीन मुलीला नुसतं प्लग कुठे घालायचा ते कळायचं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं, ते त्यांनी घड्याळाच्या मागे लपवलं.

फोन साडेपाचला आला. ती दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभी राहून बोलायची; तिथे आवाज सगळ्यात साफ यायचा. तिकडे तेव्हा भर दुपार असे. त्याच्यामागे कसलंसं यंत्र जमिनीवर एकसारखं आदळत होतं, खांब ठोकायचं. त्याने पावसाचं सांगितलं, पाण्याची पातळी सांगितली, एका मुकादमाने होडीत बसून जेवणाचा डबा नदीत घालवला ते सांगितलं, आणि ती हसली, पोटातून हसली. मग तो म्हणाला, "गोळ्या घेतल्यास का?"

"घेतल्या आजच."

"किती दिल्या?"

'पुरेशा' असं म्हणता आलं असतं. पण प्रयोगशाळेत 'पुरेशा' म्हणजे काही मोजणी नव्हे. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी ते सांगतात. "हिशेबाने सदतीस," ती म्हणाली.

पलीकडे यंत्र तीनदा आदळलं. त्याला कागद लागत नव्हता. "सदतीस वजा नऊ," तो म्हणाला.

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दुकानात तेवढ्याच असतील," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच ठेवला होता त्याने, फार नेहमीचा. "असू दे. पुढच्या इकडे बघू काहीतरी."

किती चांगला माणूस आहे, असं तिला वाटलं. दार उघडून धरून उभा होता तो, बाहेर जायला. एक हो म्हटलं की सगळं होतं तसं. सोमवारची तारीख, टेबल, खिडकी. "नाही," ती म्हणाली. "दुकानात होत्या. उलट बाई म्हणत होत्या एक दिवस कमी करा, तीन पाकिटांत बसतं. मी नाही केला कमी."

"म्हणजे एका दिवसासाठी भांडलीस."

"हो."

"माझ्या बाजूने."

"तुझ्याच बाजूने म्हणायचं."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि हसल्यासारखा आवाज आला, पण तो पूर्ण झाला नाही. "मला वाटत होतं तू राहायला येतेयस."

"मलाही तसंच वाटत होतं. आज दुपारी बारापर्यंत."

"काय झालं? आईचं काही आहे का? तिने काही..."

"आईंचं काही नाही. त्या तर मला हाकलतायत."

"हाकलतेच आहे!" आतून आवाज आला.

"ऐकतेय ती?"

"नाही."

"मी काही ऐकत नाहीये," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या खोलीचं दार लागलं. जरा जास्तच आवाज करून लागलं, लागलंय हे कळावं म्हणून.

आता दारात तिच्यापाशी कुणी नव्हतं. तिने चौकटीला पाठ टेकली. लाकूड गार होतं. सांगायचं कसं याची तिने कधी तयारी केली नव्हती, कारण सांगायचं असं काही आहे हेच तिने मान्य केलं नव्हतं. पण शब्द आले ते सरळ आले, एकामागोमाग एक, तिला त्यांना शोधायला लागलं नाही. "मी इथे बरी आहे रे," ती म्हणाली. "बरी म्हणजे नुसती बरी नाही, सुखात आहे. आणि तुझी आठवण येते. दोन्ही आहे. मला वाटायचं, एक खरं असेल तर दुसरं खोटं असणार, म्हणून मी वाट बघत होते, कुठलं पुसलं जातंय त्याची. काहीच पुसलं जात नाहीये. तुझ्याकडे मला यायचंय. पण इथलं सगळं बंद करून नाही यायचं." मग तिने खालच्या आवाजात म्हटलं, "हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. गोळ्यांनी सांगायला नको होतं."

यंत्र थांबलं होतं. तिकडे जेवणाची सुट्टी झाली असावी. माणसांचे आवाज आले, लांब गेले. सासूबाई असत्या तर हा ठेवणार की नाही ते त्यांनी सांगितलं असतं. तिला सांगता येत नव्हतं. एवढंच कळत होतं की तो फोन तसाच धरून कुठेतरी चालतोय, पायांखाली खडी आहे.

"टेबल करून घेतलंय मी," तो म्हणाला.

"माहितीये. फोटो बघते मी."

"सुताराला दोनदा परत पाठवला. डुगडुगत होतं."

"हे नव्हतं सांगितलंस."

"त्यात काय सांगायचं." पुन्हा खडी. मग तो बसला असावा. "तुला राग येईल अशी एक गोष्ट मीही सांगितली नव्हती. मी त्या गोळ्या घेत नाही आता. सहा महिने झाले."

"अरे, पण..."

"ऐक तर. इथल्या डॉक्टरांनीच सांगितलं. वर्षानुवर्षं नाही खात बसायच्या म्हणाले. जाळी लावा, लांब बाह्यांचं घाला, अंग कणकणलं की त्याच दिवशी रक्त तपासा. इथे राहणारं कुणी घेत नाही. गोळ्या पाहुणे घेतात."

तो शब्द त्याने मुद्दाम वापरला नव्हता. वापरल्यावर मात्र त्यालाही ऐकू आला, कारण तो पुढे काही बोलायच्या बेतात होता आणि थांबला. तिला तो शब्द लागला. खोल नाही, पण नेमका. ज्या माणसाच्या ओल्या टॉवेलवरून अकरा वर्षं भांडलो त्याच्या घरात आपण पाहुणी. गोळ्यांचं रोजचं एक काम तिच्यासाठी असेल आणि त्याच्यासाठी नसेल. तिला त्या घरातल्या डासांपासून वाचवावं लागेल आणि तो तिथल्याच हवेचा होऊन गेलेला असेल. आणि हे तिने स्वतःच्या तोंडाने, काचेच्या काउंटरवर, दोनदा सांगून मागून घेतलं होतं. तिने स्वतःला तपासून बघितलं. मागे घ्यावंसं वाटतंय का? दुखत होतं, पण मागे घ्यावंसं वाटत नव्हतं. आजच्या दिवसातलं हेही तिला नवीनच होतं.

"मग ये पाहुणी म्हणून," तो म्हणाला. वाक्य सुरू झालं तेव्हा त्यात टोमणा होता. संपेपर्यंत तो उरला नव्हता. "अठ्ठावीस दिवस. मग वर्षाअखेर मी येतो, माझी रजा तशीच पडलीये. मग काय ते बघू. पुलाचंही आम्ही असंच करतो, पुढचा खांब बुडवल्यावर त्याच्या पुढचं बोलतो."

"चालेल तुला?"

"मला विचारलंस तर नाही चालणार. पण तू विचारायच्या आधीच औषधवाल्या बाईंना सांगून बसलीस." आणि या वेळी तो हसला, पूर्ण. मग त्याने घसा साफ केला, नोकरीच्या मुलाखतीला बसल्यासारखा. "इथे अजून कुणी पाहुणं आलेलं नाही. काय काय लागतं ते सांग. चहा सकाळी सातला ना?"

"सहाला."

"तू सातला घ्यायचीस."

"आता सहाला घेते."

"साखर दोन."

"अर्धा चमचा. आईंची बंद झाली, त्यांच्याबरोबर माझीही गेली."

"बाप रे," तो म्हणाला. "आणि उशी? जाडच ना, ती दोन उशांएवढी एक?"

ती हो म्हणणार होती. हो तोंडात आलाही होता, सवयीचा, अकरा वर्षांचा. पण तिने तो थांबवला आणि डोळे मिटून मान चौकटीला टेकवली, आणि आपण हल्ली कशा झोपतो ते मानेलाच विचारून बघितलं.

"पातळ," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"माहीत नाही. आत्ता तू विचारलंस तेव्हा कळलं."

"थांब, थांब," तो म्हणाला, "हे लिहून घेतो." आणि फोन कशावर तरी ठेवल्याचा टक्क आवाज झाला, कागद सरकले, एक खण उघडला, दुसरा उघडला, कुणाकडे तरी ओरडून त्याने पेन मागितलं, आणि ती दारात तशीच उभी राहून, त्याला पेन सापडायची वाट बघत, पुढचं काय काय बदललंय ते आठवू लागली.